नातवाबरोबर रोममध्ये: एका पोरसवदा सम्राटाच्या मागावर चार दिवस

दिवस पहिला

मिलानहून रोमला वेगवान गाडी साधारण तीन तासांत पोचते. त्या तीन तासांत मी ईशानला एका घराण्याची वंशावळ सांगितली. ईशान माझा नातू, नुकताच चौदा पूर्ण झालाय. मुलगा-सून मिलानला नोकरीला आहेत. ईस्टरच्या सुट्टीत आजीला रोम दाखवायचं काम त्यांनी याच्यावर सोपवलं होतं. सांगलीत तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण रोम पाहायचं राहूनच गेलं होतं. निघायच्या आधीच मी सांगून टाकलं, "बाळा, पोप आणि पिझ्झा तुझ्याकडे. मला मात्र एका मुलाच्या खुणा शोधायच्यात. सम्राट झाला तेव्हा तो तुझ्याएवढा होता आणि अठराव्या वर्षी त्याला मारून टाकलं."

कॉफीबरोबर मिळालेला कागदी रुमाल उलगडून त्याच्यावर मी नावं लिहीत गेले. सीरियात एमेसा नावाचं शहर होतं, आजचं होम्स. तिथे सूर्यदेवाचं मोठं देऊळ, आणि त्याचं पौरोहित्य एकाच घराण्यात वंशपरंपरेनं चाललेलं. त्या घरातली ज्यूलिया डोम्ना ही मुलगी सेप्टिमियस सेव्हेरसला दिली आणि पुढे तो रोमचा सम्राट झाला. डोम्नाचा मुलगा काराकाल्ला. 217 मध्ये त्याचा खून झाला आणि माक्रिनस गादीवर बसला. त्यानं डोम्नाची बहीण ज्यूलिया मेसा हिला तिच्या पैशाअडक्यासकट माहेरी पाठवून दिलं. ही बाई गप्प बसणारी नव्हती. तिला दोन मुली, सोएमियास आणि मामेया, आणि दोघींना एकेक मुलगा. सोएमियासचा मुलगा व्हारियस अव्हितस बासियानस तेव्हा देवळात पुजारी होता. एलागाबालस म्हणून पुढे ओळखला गेला तो हाच.

जवळच सैन्याची छावणी होती. शिपाई देवळात यायचे आणि या देखण्या मुलाला देवापुढे नाचताना पाहायचे. मेसानं त्यांच्यात बातमी पसरवली की हा खरा काराकाल्लाचा मुलगा. मग एका रात्री मुलाला राफानियाच्या छावणीत नेलं आणि 16 मे 218 रोजी सैन्यानं त्याला सम्राट म्हणून पुकारलं. 8 जूनला अँटिओकजवळ लढाई झाली. मेसाच्या बाजूचे शिपाई पळायला लागले, तेव्हा ती आणि सोएमियास रथातून उड्या मारून त्यांच्या आडव्या गेल्या आणि त्यांना परत फिरवलं. मुलगाही तलवार उपसून घोड्यावरून पुढे धावला, असं त्या काळचा इतिहासकार डिओ लिहितो. माक्रिनस हरला.

"म्हणजे सगळं त्याच्या आजीनं ठरवलं?" ईशाननं विचारलं.

"आजीनंच."

त्यानं रुमाल हातात घेतला आणि मेसाच्या नावाभोवती एक गोल काढला.

दुपारी कॅपिटोल टेकडीवरचं संग्रहालय पाहिलं. तिथे सम्राटांच्या अर्धपुतळ्यांनी भिंतीलगतच्या फळ्या भरलेली एक खोली आहे. कपाळावर आठ्या घालून बघणारा काराकाल्ला लगेच ओळखू येतो. आमचा मुलगा मात्र शोधावा लागला. गोल चेहरा, भरलेले ओठ, बारीक कापलेले केस. वरच्या ओठावर शिल्पकारानं छिन्नीच्या अगदी हलक्या रेघांनी नुकती फुटलेली मिसरूड दाखवली आहे आणि कानापासून गालावर उतरणारी कोवळी लव. मी पुतळ्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या ईशानकडे. त्याच्याही ओठावर यंदाच तशी सावली आली आहे. इतकी वर्षं शिकवलं, पण हा सम्राट एक पोर होता हे मला खऱ्या अर्थानं त्या क्षणी कळलं. डोळे भरून आले. ईशाननं काही न विचारता माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

त्याच संग्रहालयात रोमनांचा सर्वांत मोठा देव ज्युपिटर याच्या मुख्य देवळाचा पाया आहे, मोठाल्या दगडी चिऱ्यांचा. त्याच्यालगतच्या दालनात मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा. सिंहासनावर बसवताना मुलाला नाव दिलं तेही याचंच, मार्कस ऑरेलियस अंतोनिनस. एलागाबालस हे त्याच्या देवाचं नाव. ते त्याला चिकटलं मेल्यानंतर.

दिवस दुसरा

आजचा सगळा दिवस पॅलाटाईन टेकडीवर गेला आणि एवढ्यानंही पुरला नाही.

टेकडीच्या ईशान्य कोपऱ्यात विन्या बार्बेरिनी नावाचं मोकळं पठार आहे. गर्दी राजवाड्याच्या भिंतींकडे असते, इथे फारसं कुणी फिरकत नाही. गवत, पाइनची झाडं आणि गुलाबी फुलांनी लगडलेले जूडासचे वृक्ष. कठड्याशी गेलं की कलोसियम समोरच, हात लांबवला तर लागेल असं. या पठारावर त्या मुलानं आपल्या देवाचं देऊळ बांधलं. आज पायाचे थोडे अवशेष आहेत आणि शेजारी सेंट सेबास्टियनचं लहानसं चर्च. चर्च बंद होतं. आम्ही गवताच्या कडेला दगडावर बसलो.

देव कसा होता? मूर्ती नव्हतीच. एक मोठा काळा दगड, खाली गोल आणि वर निमुळता होत गेलेला. तो आकाशातून पडला असं लोक सांगत. एलागाबाल या नावाचा अर्थ डोंगराचा देव. रोमचे लेखक या दगडाबद्दल तिटकाऱ्यानं लिहितात. पण मराठी माणसाला यात नवल ते काय वाटणार? आपल्याकडे गावोगाव शेंदूर लावलेला तांदळा असतो, नाक-डोळे नसले तरी तो देवच असतो. दोनच दिवसांपूर्वी जोतिबाची चैत्र यात्रा झाली होती. सासनकाठ्या, गुलाल, खोबऱ्याची उधळण, सगळं सांगलीहून मैत्रिणीनं फोनवर दाखवलं होतं. ते डोळ्यांपुढे होतं, आणि त्याच डोळ्यांनी मी हेरोडियन या त्या काळच्या इतिहासकारानं लिहिलेली मिरवणूक ईशानला सांगितली.

दर उन्हाळ्यात हा दगड सोन्या-रत्नांनी मढवलेल्या रथात ठेवत. रथाला सहा पांढरे घोडे. रथात माणूस कुणी बसायचा नाही, लगाम जणू देवाच्याच हातात. सम्राट रथापुढे उलटा चालायचा, तोंड देवाकडे आणि पाठ रस्त्याकडे. घोड्यांचे लगाम धरून सबंध वाट तो असाच मागे मागे पळत जायचा. अडखळू नये म्हणून वाटेवर सोनेरी भुकटी पसरत आणि दोन्ही बाजूंनी अंगरक्षक त्याला सावरत. लोक मशाली घेऊन बाजूनं धावत, हार-फुलं उधळत.

"देवाकडे पाठ करायची नाही म्हणून उलटा?" ईशान म्हणाला. "आपण पण गाभाऱ्यातून तसेच बाहेर येतो ना?"

हो रे राजा. जे हेरोडियनला वेडगळ वाटलं ते माझ्या नातवाला घरातलं वाटलं.

मला इथे ठासून सांगावंसं वाटतं की रोमचा खरा राग काळ्या दगडावर नव्हता. याच टेकडीच्या दुसऱ्या टोकाला देवांची माता सिबिली हिचं देऊळ होतं. आम्ही तिकडेही गेलो, आता नुसता चौथरा आहे आणि वर सदाहरित ओकची दाट राई. तिचाही काळा दगडच. रोमनांनी तो इ.स.पू. 204 मध्ये आशियातून मुद्दाम मानानं आणवला होता, तेव्हा रोमचा शत्रू हॅनिबल इटलीत तळ ठोकून होता. तिचे पुजारी पुरुषत्व त्यागून बायकांच्या वेषात नाचत. म्हणजे परका देव, दगडाचा देव, नाचणारे पुजारी, सगळं रोमनं चारशे वर्षं आधीच पचवलं होतं. या मुलाचा गुन्हा वेगळा. त्यानं आपला देव ज्युपिटरच्या वर बसवला. शहरातल्या सगळ्या पवित्र वस्तू या देवळात गोळा करायला लागला, चुलीची देवता वेस्टा हिचा अखंड जपलेला अग्नीसुद्धा. सरदार-मानकऱ्यांना फिनिशियन झगे घालून पूजेची सोन्याची भांडी डोक्यावर धरायला लावली, आणि ढोल-झांजांच्या तालावर स्वतः वेदीभोवती नाचला. आपल्या दैवताला त्यानं रोमच्या चालीरीतींत बसवून घेतलं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला एवढा पोच कुठून असणार! जन्मापासून त्याला एकच शिकवलं होतं, की हा देव सर्वांहून मोठा. ते त्यानं खरं मानलं.

खाली फोरममध्ये उतरलो. सिनेटच्या इमारतीसमोर थोडं थांबलो. आजची इमारत नंतरची, डायोक्लेशियनच्या काळातली, पण जागा तीच. मुलगा रोममध्ये यायच्या आधी त्याचं मोठं चित्र इथे आलं होतं, रेशमी झगा घालून देवाला नैवेद्य दाखवतानाचं. सिनेटर आत शिरताना विजयादेवीपुढे धूप जाळत, नेमकं तिच्या डोक्यावर ते टांगलं. ही युक्ती मुलाची. रोमी पोशाख घाल, हे कपडे तिथे चालायचे नाहीत, असं मेसा परोपरीनं सांगत होती. त्यानं ऐकलं नाही, उलट चित्र पाठवून लोकांच्या डोळ्यांना सवय करू म्हणाला.

मग वेस्टाचा अग्नी राखणाऱ्या कुमारिकांचं घर. लांबट अंगण, मधे पाण्याचे हौद, कडेला डोकी हरवलेल्या स्त्रियांचे पुतळे. कुमारिकेनं तीस वर्षं ब्रह्मचर्य पाळायचं. व्रत मोडलं तर तिला जिवंत पुरत. सम्राटानं पहिली बायको ज्यूलिया पाउला हिला सोडून इथल्याच ॲक्विलिया सेव्हेराशी लग्न केलं. मी पुजारी, ती पुजारीण, आमची मुलं देवासारखी होतील, असं त्याचं म्हणणं. लोक हादरले. मग तिला सोडून ॲनिया फाउस्टिना, आणि मग परत सेव्हेरा. त्याच्या श्रद्धेबद्दल मला कणव आहे, पण इथे ती थांबते. सेव्हेराला कुणी विचारलं होतं का? तिचं मत कुणीच लिहून ठेवलेलं नाही. त्या हौदापाशी उभं राहून मला तिचीच आठवण येत राहिली.

दिवस तिसरा

पाय सुजले होते, तरी ठरल्याप्रमाणे मिरवणुकीच्या वाटेनं चालायचं ठरवलं. तो रथ नेमका कुठल्या गल्ल्यांतून जाई हे कोण सांगणार, पण दोन टोकं कळली आहेत. एक पॅलाटाईन, दुसरं शहराच्या पूर्वेला, जिथे सम्राटाची उपनगरातली वाडी होती आणि तिथेच कुठेतरी देवाचं दुसरं देऊळ. आज त्या भागात सांता क्रोचे इन जेरुसालेम्मे हे चर्च आहे. कलोसियमपासून लॅटरनच्या कॅथेड्रलवरून आम्ही दोन किलोमीटरांहून थोडं जास्त चाललो. निम्म्या वाटेत ईशान दहा-बारा पावलं उलटा चालून बघत होता. एका बाईंच्या भाजीच्या गाडीला धडकता धडकता वाचला. "आजी, एवढं सगळं अंतर? रथ ओढत?" त्याचा आवाज एकदम आदरानं भरला होता.

सांता क्रोचेशेजारी कास्ट्रेन्से नावाचं लहान ॲम्फिथिएटर आहे, सेव्हेरन काळातलं. पुढे ऑरेलियननं शहराचा तट बांधला तेव्हा ते तटातच चिणून टाकलं. बाहेरून पाहिलं की विटांचे अर्धस्तंभ अजून ओळीनं दिसतात. कौलारू रंगाच्या बारीक विटा, इतक्या सफाईनं रचलेल्या की सुतारानं लाकूड तासावं. या मुलाच्या काळातलं बांधकाम कुणी सांगत नाही. 217 मध्ये वीज पडून कलोसियम जळालं, त्याची दुरुस्ती याच्या वेळी सुरू झाली. काराकाल्लाच्या स्नानगृहांचं राहिलेलं कामही पुढे नेलं. सांगतात ते सहाशे शहामृगांच्या डोक्यांची मेजवानी आणि छतातून पडणाऱ्या फुलांत गुदमरून मेलेले पाहुणे. ही फुलांची गोष्ट त्याच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या एका चरित्रात येते आणि ते चरित्र कल्पित मजकुरानं भरलेलं आहे. मी तरी ती मानत नाही.

डिओ समकालीन होता, पण या चार वर्षांत तो बहुतेक रोमबाहेर, आशिया प्रांतात. शिवाय पुढच्या सम्राटानं त्याला 229 मध्ये दुसऱ्यांदा कॉन्सल हे मानाचं सर्वोच्च पद दिलं. पाडलेल्या राजाबद्दल चांगलं लिहून त्याला काय मिळणार होतं?

तरी डिओनं लिहिलेलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. हिरोक्लीस नावाच्या रथ हाकणाऱ्या गुलामाला सम्राट आपला नवरा म्हणायचा. आणि एकानं 'स्वामी' म्हणून मुजरा केला तेव्हा म्हणाला, मला स्वामी म्हणू नकोस, मी स्त्री आहे. आपलं शरीर स्त्रीचं करून द्यावं म्हणून वैद्यांना मोठी रक्कम देऊ केली, असंही त्यात आहे. हे मी नातवाला सांगावं की नाही, रात्रभर विचार केला होता. पण आजकालच्या मुलांना सगळं ठाऊक असतं. सांता क्रोचेच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं.

"मग आजी, तो मुलगा होता की मुलगी?"

"बदनाम करायलाच लिहिलं असेल, तर यातलं काहीच खरं नसेल. आणि खरं असेल, तर त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही एवढंच मला कळतं."

2023 मध्ये इंग्लंडमधल्या एका वस्तुसंग्रहालयानं या सम्राटाचा उल्लेख 'ती' असा करायचं ठरवलं. मी 'तो' लिहिते आहे कारण माझ्यापुढे त्या पोरसवदा मुलाचा पुतळा आहे. हसण्यासारखं मात्र यात काहीच नाही. आमच्या मिरज-कोल्हापूरकडे यल्लम्माचे जोगते साडी नेसून, डोक्यावर जग घेऊन दारी येतात. माझी आई त्यांच्या पाया पडायची.

आणि एक गोष्ट सांगायला मी आसुसले होते. एमेसाच्या अंतोनिनसच्या काळात, म्हणजे बहुतेकांच्या मते याच मुलाच्या, हिंदुस्थानातून काही वकील सीरियाकडे आले होते. बार्दैसान नावाचा तिथला विद्वान त्यांना भेटला आणि त्यांनी सांगितलेलं त्यानं टिपून ठेवलं. एका ग्रीक ग्रंथात तो उतारा टिकून राहिला आहे. एका उंच डोंगरात मोठी गुहा आहे, तिच्यात दहा-बारा हात उंचीची उभी मूर्ती आहे. तिचं उजवं अंग पुरुषाचं, डावं स्त्रीचं. छातीवर उजवीकडे सूर्य कोरलेला, डावीकडे चंद्र. अर्धनारीश्वरच! आपण घारापुरीला जी पाहतो ती यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी घडली, म्हणजे गुहा कुठलीतरी दुसरी. पण रोमच्या गादीवर हा सूर्यपूजक बसलेला असताना आपल्याकडची माणसं त्याच्याच मुलखात अर्ध्या पुरुष-अर्ध्या स्त्रीरूपातल्या देवाची कथा सांगत होती. ती त्याच्या कानावर गेली असती तर, या विचारानं मला रात्री नीट झोप लागली नाही.

दिवस चौथा

आमचं राहायचं ठिकाण टर्मिनी स्टेशनजवळ होतं. तिथून प्रिटोरियन, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक सैन्याच्या छावणीचा तट पायी दहा-पंधरा मिनिटांवर. आत आता राष्ट्रीय ग्रंथालय आहे. सकाळी विद्यार्थी सायकली लावत होते. तटाच्या विटा खालच्या बाजूला काळपट पडल्यात, फटींतून गवत उगवलंय.

मेसाला कळून चुकलं होतं की हा नातू हातातून गेला. मग तिनं दुसरा पुढे केला, मामेयाचा मुलगा अलेक्झांडर. 221 मध्ये मोठ्या नातवाला धाकट्याला दत्तक घ्यायला लावलं. सिनेटमध्ये सम्राटाच्या एका बाजूला आजी बसली, दुसऱ्या बाजूला आई. बाप सतरा वर्षांचा आणि मुलगा बारा. सैन्याला अलेक्झांडर आवडायला लागला, तसा सम्राट त्याच्या जिवावर उठला. हेही लपवायचं कारण नाही. मार्च 222 मध्ये छावणीत शिपाई बिथरले, दोन्ही मुलं तिथे आली, आणि जयजयकार झाला तो अलेक्झांडरचा. सम्राट लपून पळायच्या बेतात होता, सापडला. सोएमियासनं त्याला कवटाळून धरलं. दोघांना तसंच मारलं, दोघांची डोकी कापली. मग त्याचं धड गावातून फरफटत नेलं.

ईशान बराच वेळ तटाला हात लावून उभा होता.

दुपारी टायबरवर गेलो. पाँते रोत्तो म्हणजे मोडका पूल. 1598 च्या पुरात अर्धा वाहून गेला, आता नदीच्या मधोमध एकच कमान उभी आहे. प्राचीन एमिलियन पूल तो हाच. प्रेत आधी गटारात कोंबायला गेले, ते मावेना. मग वजन बांधून या पुलावरून पाण्यात टाकलं, वर तरंगू नये म्हणून. शेजारच्या पुलावरून जुन्या मोठ्या गटाराचं तोंडही दिसतं. पाणी हिरवट-पिवळं, वेगानं कमानीला आपटत होतं. दगडांवर सीगल बसले होते.

काळा दगड एमेसाला परत पाठवला. टेकडीवरचं देऊळ ज्युपिटरला दिलं. शिलालेखांवरून मुलाचं नाव छिन्नीनं खरवडून काढलं.

"आणि ती आजी?" ईशाननं विचारलं. "तिला काय झालं?"

"काही नाही. नव्या नातवाच्या शेजारी बसली. तो तेरा वर्षांचा होता. पुढे ती वारली तेव्हा तिला देवी म्हणून जाहीर केलं."

त्यानं खिशातून पहिल्या दिवशीचा तो रुमाल काढला. घड्यांवर विरला होता. पुलाच्या कठड्यावर पसरून त्यानं सोएमियासच्या नावाखाली रेघ मारली, नीट घडी केली आणि परत खिशात ठेवला.

"आजी, आपली गाडी साडेपाचला आहे," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडायला त्यानं माझा हात धरला.